कुऱ्हाडीला काम पाहिजे

मोठी कुऱ्हाड माणूस लाकडं फोडायला आणतो. छोटी आणतो तेव्हा त्याच्याकडे फोडायला लाकडं नसतात. ज्याच्या परड्यात बंबाचं जळण रचलेलं असतं, तो आठवडी बाजारात जातो, चार पाती बोटानं वाजवून बघतो, किमतीवरून भांडतो, एक उचलतो आणि घरी येऊन दांडा बसवायला घेतो. अर्ध्या किलोच्या पात्याची, हातभर दांड्याची, चामड्याच्या म्यानातली हातकुऱ्हाड घेणारा गृहस्थ मात्र तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे पाइपानं गॅस येतो आणि सगळ्यात जवळचं लाकूड म्हणजे दिवाणखान्यातला सोफा. कुऱ्हाड घरात आल्यावर पहिले काही दिवस बायको त्याला सोफ्याजवळ एकटं सोडत नाही.

आमचे दाजी याच वर्गातले. नोकरीत असताना त्यांना कॅमेऱ्याचा नाद होता, मग बोन्सायचा लागला, मग घरी आंबवलेल्या पिठाच्या पावाचा. निवृत्तीनंतर त्यांनी मुळशीच्या बाजूला थोडी जमीन घेतली. तिला ते ‘फार्म’ म्हणतात, ताई ‘तो तुकडा’ म्हणते. जमीन आली म्हणजे अवजार आलंच, म्हणून दाजी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेले. कोयत्याच्या हल्ल्यांच्या बातम्या वाढल्यापासून पुण्यातले दुकानदार धारदार वस्तू मागणाऱ्याकडे जरा निरखूनच बघतात. दाजींचा चष्मा, इस्त्रीचा सदरा आणि काखेतली कापडी पिशवी बघून दुकानदार निर्धास्त झाला आणि म्हणाला, “काका, नारळ फोडायला पाहिजे ना?”

हा अपमान दाजी विसरले नाहीत. त्यांनी थेट स्वीडनची कुऱ्हाड मागवली. तिथल्या एका गावात १९०२ पासून कुऱ्हाडी घडवणारा एक कारखाना आहे आणि प्रत्येक पात्यावर ते घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरं ठोकलेली असतात. दाजींनी ती अक्षरं घरी आलेल्या प्रत्येकाला भिंगातून दाखवली. ताई म्हणाली, “घडवणाऱ्याचं नाव पात्यावर, आणि वापरणाऱ्याचं दवाखान्याच्या केसपेपरवर.”

हातकुऱ्हाड घेतलेला माणूस ती वापरायच्या आधी तिच्याबद्दल वाचतो. वाचायला पुष्कळ आहे. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला तो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्झी, त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, यू झाडाच्या लाकडाचा दांडा अजून शाबूत. आपल्याकडे संगमनेरजवळच्या जोर्व्याला तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी निघाल्या, त्याही तीन हजार वर्षांच्या पलीकडच्या. दाजी हे जेवताना सांगत होते. कुऱ्हाड ही माणसाची सर्वांत जुनी सोबतीण आहे, असा त्यांचा एकूण मुद्दा.

“तो ओत्झी गेला कशानं?” ताईनं वरण वाढता वाढता विचारलं.

“बाण लागला. खांद्यात.”

“म्हणजे कुऱ्हाड जवळ होती तरी.”

पण दाजींचा खरा गुरू नेसमुक. हे टोपणनाव. माणूस अमेरिकन, पेशानं चांभार, अंगानं किरकोळ, आणि जंगलात भटकायचं व्यसन. १८८४ साली त्यानं रानातल्या मुक्कामावर एक पुस्तक लिहिलं, त्यात जड ओझी वाहत जंगलात जाणाऱ्यांची यथेच्छ टर उडवली आहे. स्वतःची होडी त्यानं पाच किलोच्या आत बसवली होती. आणि कुऱ्हाड? मनासारखी छोटी दुधारी कुऱ्हाड करून देणारा लोहार मिळेना, तेव्हा ती त्यानं शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारागिराकडून घडवून घेतली. एक धार पातळ, लाकूड सपासप कापायला. दुसरी जाड, गाठी आणि हाडं यांच्यासाठी. जगातल्या तमाम हौशी कुऱ्हाडधारकांचा हा आद्यपुरुष. हलकं सामान बाळगा असं जन्मभर सांगत राहिला, आणि त्याच्या वाचकांनी त्याचं ऐकून घरोघरी तीन-तीन हलक्या कुऱ्हाडी जमवल्या.

या नेसमुकचं पाळण्यातलं नाव जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. आता दुसऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची आठवण येणारच. चेरीचं झाड तोडून वडिलांपुढे खरं बोलणारा तो बाळ आपल्यालाही शाळेत भेटलेला आहे. ती गोष्ट मेसन वीम्स नावाच्या चरित्रकारानं १८०६ च्या आवृत्तीत घुसडली आणि तिला दुसरा आधार नाही, हे आता सगळे मान्य करतात. मला त्या गोष्टीत खटकतं ते वेगळंच. मुलगा खरं बोलला म्हणून वडिलांनी त्याला पोटाशी धरलं, ठीक. पण सहा वर्षांच्या पोराच्या हातात कुऱ्हाड दिली कुणी, हे त्या घरात एकानंही विचारलेलं नाही. जॉर्जच्या आईला बोलायची संधी असती तर ती गोष्ट इतकी बोधप्रद झाली नसती.

तर, कुऱ्हाड आली, वाचन झालं, आता तोडायचं काय? इथे महाराष्ट्र शासन आडवं येतं. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी तुमच्या खिडकीत घुसली तरी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. गावाकडे गेलात तर १९६४ चा कायदा. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, हिरडा, मोह ही झाडं तुमच्या स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गडावर जावं, तर राजमाचीला उधेवाडीत पोचल्याबरोबर गरम पिठलं-भाकरी पुढे येते, शेकोटी कुणीतरी आधीच पेटवलेली असते. हरिश्चंद्रगड अभयारण्यात. तिथे वाळकी काटकी उचलतानासुद्धा मागे वळून बघावं लागतं. त्यातून राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी तर चराईबंदीबरोबर कुऱ्हाडबंदीच लावून घेतली आणि उजाड डोंगर हिरवे करून दाखवले. दाजींच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल हिवरे बाजारला गेली, तेव्हा कुऱ्हाड त्यांच्या पाठपिशवीत होती. का, हे विचारू नये. छोटी कुऱ्हाड घेतलेला माणूस ती नातवाच्या मुंजीलाही नेतो. गावाची माहिती देणाऱ्यानं ‘कुऱ्हाडबंदी’ हा शब्द उच्चारला तसे दाजी हळूच पाठपिशवी पोटाशी घेऊन उभे राहिले आणि पाणलोटाची सगळी माहिती त्यांनी त्याच अवस्थेत ऐकली.

राहिला तो तुकडा. शेजारच्या शेतात एक बाबा आहेत, सत्तरीच्या पुढचे, कमरेला कोयता. दाजींनी त्यांना म्यान उघडून कुऱ्हाड दाखवली. बाबांनी ती हातावर तोलली, धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली, दांडा एका डोळ्यानं निरखला आणि मनापासून म्हणाले, “लोखंड चांगलं हाये सायेब. आता हिला मोठी व्हायला अजून किती वर्सं लागतील?”

दाजींनी मग त्यांना नियम सांगितले. नियम सगळे खरे आहेत, हे आधी सांगून टाकतो. कुऱ्हाडीच्या बोथट पाठीनं लोखंडी खिळा ठोकायचा नाही, दांडा ज्यात बसतो ते भोक त्यानं पसरतं. धार मातीत जाऊ द्यायची नाही. दुसऱ्याला देताना दांडा पुढे करून द्यायचा. आणि कडाक्याच्या थंडीत पातं गारठलं असेल तर काम सुरू करण्याआधी ते हातात धरून ऊब द्यायची, नाहीतर पोलादाचा कपचा उडतो. हा शेवटचा नियम उत्तर ध्रुवाच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी आहे. दाजींनी तो वैशाखात पाळला. भर अकरा वाजता मुळशीच्या उन्हात एक पांढऱ्या टोपीतला गृहस्थ कुऱ्हाडीचं पातं दोन्ही तळव्यांत धरून उभा आहे आणि समोर बाबा आदरानं गप्प उभे आहेत, कारण त्यांना वाटलं साहेब अवजाराची पूजा करतायत.

पूजा आटोपल्यावर बाबांनी कुऱ्हाड मागून घेतली. कुंपणाला मेखा हव्या होत्या. बाभळीचे वाळके तुकडे त्यांनी पुढ्यात ओढले, एक जुना ओंडका ठोकळा म्हणून मांडला, तुकडा त्यावर उभा धरला आणि चार बाजूंनी चार घाव. मेख तयार. हात पात्याच्या अगदी जवळ धरलेला, कोपर अंगाला लागून, घाव बोटांच्या खाली आणि ठोकळ्याच्या वर, चुकला तर ठोकळ्यात जाणार. दाजींनी जे पुस्तकाच्या पन्नास पानांत वाचलं होतं ते सगळं त्या चार घावांत होतं, फक्त बाबांना ते माहीत नव्हतं. चहा उकळेपर्यंत मेखांचा ढीग झाला. बाबांनी कुऱ्हाड परत केली, म्हणाले, “हलकी हाये. पोरीबाळींना बरी.” आणि कमरेचा कोयता काढून उरलेलं काम उरकलं.

मेखा बाबांनी केल्या, मग दाजींनी कलेकडे वळायचं ठरवलं. छोट्या कुऱ्हाडीचा मालक शेवटी इथेच येतो. जगभर या लोकांचा एकच ध्यास असतो, लाकडी चमचा कोरायचा. स्वीडनमध्ये ही परंपरा जुनी आहे, ओल्या बर्चच्या ओंडक्यातून कुऱ्हाड आणि सुरी एवढ्यावर चमचा काढतात. त्यात खरं कसब कुऱ्हाडीचंच. सुरी शेवटी गुळगुळीत करायला येते, पण चमच्याचा बाक, मान, कडा हे सगळं कुऱ्हाडीनं ठरलेलं असतं. आधी ओंडका मधोमध चिरायचा, गाभा काढून टाकायचा, नाहीतर वाळताना तडा जातो. मग जिथे मान यायची तिथे आडवे घाव घालून थांबा करायचा, म्हणजे वरून निघणारी ढलपी खोलात धावत जात नाही. मग खालून सुरुवात. खालच्या टोकाला छोटे छोटे तिरपे घाव, मग त्यांच्या वरून एक लांब घाव, आणि सगळ्या ढलप्या एकदम खाली. अर्धं झालं की लाकूड उलटं करायचं. ज्या बाजूनं हातानं धरलंय त्या बाजूला कधीच घाव घालायचा नाही. वाचायला सोपं आहे.

लाकूड कुठलं, यावर दाजींनी बराच खल केला. साग मिळाला असता पण तो वाळलेला, कुऱ्हाडीला दाद देत नाही. पांगारा मऊ आणि हलका. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं-खेळणी होतात, त्यांना पांगारा जुना लाडका. पर्यटक तिथला रंगवलेला आंबा हातात घेऊन ‘किती हुबेहूब’ म्हणतो, त्याच्या आत तासलेला पांगारा आहे हे त्याच्या गावीही नसतं. काळा कुडा पांढरा, गुळगुळीत, कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी त्याचीच. शिवण उत्तम. दाजींनी यातलं काहीच घेतलं नाही. बांधावरच्या तुटून पडलेल्या एका फांदीचा पोत त्यांना फार आवडला आणि त्यांनी म्यान उघडलं. बाबा लांबून ओरडत पळत आले. फांदी बिब्ब्याची होती. दोन घाव आणि अंगावर थोडा चीक उडता, तर दाजींचं तोंड आठवडाभर उतलं असतं. बाबांना पळताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. कण्हेरीबद्दलही त्यांनी त्याच वेळी सांगून ठेवलं, तिच्या लाकडाचा चमचा करून घरच्यांना वाढला तर प्रकरण पोलिसांत जाईल.

शेवटी आंब्याची एक फांदी मिळाली, वादळात पडलेली. दाजींनी तिच्यातून डाव काढायला घेतला. आमटीचा, चांगला मोठा. अध्यात्मात जशी एकेक आवरणं गळून जातात आणि शेवटी काही उरत नाही, तसं झालं. एका बाजूला जरा जास्त गेलं म्हणून दुसरी बाजू सारखी केली, मग डावाऐवजी पळी करायची ठरली. पळीची मान बारीक झाली, मग चमचा. चमचा बघता बघता मीठ काढायला झाला. दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा दाजी म्हणाले, “कानकोरणं म्हणून बघा, इतकं नाजूक काम तुम्हाला बाजारात मिळणार नाही.” त्यांच्याभोवती पांढऱ्याशार ढलप्यांचा ढीग होता, खरंच देखणा. बाबांनी त्यातल्या ओंजळभर ढलप्या चुलीत घातल्या आणि चहा ठेवला. दिवसभराच्या कामातलं उपयोगी उत्पादन म्हणायचं तर तेवढंच.

मला या सगळ्या प्रकारात राहून राहून आठवतो तो आपला सुतार. गावाकडचा सुतार हे काम वाकसानं करायचा. वाकसाचं पातं दांड्याला आडवं, धार आपल्या अंगाकडे. तो जमिनीवर बसणार, लाकूड पायाच्या अंगठ्यानं दाबणार आणि अंगठ्यापासून दोन बोटांवर सपासप तासत राहणार, तोंडानं गावातल्या लग्नाची हकीकत सांगत. त्याला म्यान नव्हतं, नियमावली नव्हती, पायाची बोटं दहाच्या दहा होती. दाजींना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तो व्यावसायिक. आपण छंद म्हणून करतोय.” छंद म्हणून करायचं तर जास्त सामान लागतं, हे मला मान्य आहे.

पावसाळा संपला तसं पातं खुळखुळायला लागलं. दांड्याचं लाकूड कोरड्या हवेत आटतं, पाचर सैल होते आणि मग घाव घालताना पातं पुढच्या माणसाला भेटायला जातं. यावर गावोगावचा उपाय एकच, कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची. लाकूड फुगतं, पातं घट्ट बसतं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होतं. खरा उपाय म्हणजे नवी पाचर ठोकणं किंवा धामणीचा नवा दांडा घालणं. धामण लवचीक, धक्का खाते, म्हणून जाणकार कुऱ्हाडीच्या दांड्याला तीच शोधतात. दाजींनी कुऱ्हाड विहिरीच्या कडेच्या हौदात टाकून ठेवली. तेव्हा मला आपल्या पाठ्यपुस्तकातल्या लाकूडतोड्याचं कोडं उलगडलं. इतका सराईत माणूस, त्याची कुऱ्हाड नदीत पडलीच कशी? पडली नव्हती. दांडा फुगावा म्हणून त्यानं ती भिजत घातली होती. तेवढ्यात देवता वर आली, सोन्याची हवी का चांदीची विचारू लागली, आणि बिचारा म्हणत राहिला, माझी लोखंडाचीच द्या. प्रामाणिकपणा वगैरे ठीक आहे. पण सोन्याच्या कुऱ्हाडीनं बाभूळ तुटत नाही, हे कुठल्याही लाकूडतोड्याला कळतं.

शेवटी नवा दांडा घातल्यावर कुऱ्हाड दाजींनी पुण्याला परत आणली आणि कपाटावर ठेवली. दिवाळीच्या आधी ताईच्या घरी कोल्हापूरहून गुळाची ढेप आली. दरवर्षी ही ढेप बत्त्यानं फोडताना अर्धा गूळ फरशीवर आणि अर्धा शेजाऱ्यांच्या झोपेवर जातो. ताईनं कपाटावरून कुऱ्हाड काढली, गरम पाण्यानं धुतली, ढेपेला धार टेकवली आणि पाठीवर लाटण्याचा एक ठोका दिला. ढेप नीट दोन भागांत. मग चार. मग सुरणाचा गड्डा, मग शेंडीचा नारळ, मग माहेरून आलेला मोठा काशीफळ भोपळा, ज्याच्यापुढे आजवर घरातल्या सगळ्या सुऱ्यांनी हात टेकले होते. पातळ धार, हलकं वजन, हात पात्याजवळ, घाव छोटा. कुणी शिकवलं नव्हतं. विळीवर चाळीस वर्षं बसलेल्या बाईला धार कुठे जाते हे सांगायची गरज नसते.

तेव्हापासून ती ओट्याच्या खालच्या खणात असते, सोलाण्याच्या शेजारी. चामड्याच्या म्यानात आता लवंग-वेलदोड्याची पुडी आहे. शेजारच्या दोघी-तिघी सणावाराला ती मागून नेतात आणि धुऊन, पुसून, तेलाचं बोट लावून परत करतात, जे कुठल्याच पुस्तकात दिलेल्या देखभालीपेक्षा कमी नाही.

परवा मी गेलो होतो तेव्हा दाजी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होते.

“जरा ती देतेस का? संध्याकाळपर्यंत परत आणतो.”

“कशाला हवीय?”

“एक चमचा करावा म्हणतोय.”

ताईनं कणीक मळता मळता मानेनं वरचा खण दाखवला. “चमचे तिथे आहेत. लागतील तेवढे घ्या.”